चिल्लर मंत्रांची उलटतपासणी

"आगीचा गोळा फेकायला अक्कल लागत नाही. गार झालेला चहा पुन्हा गरम करायला लागते."

आमचे घरमालक हे वाक्य आल्यागेल्याला ऐकवीत, आणि ऐकणाऱ्याचा चेहरा कोरा राहिला की त्यांना मनापासून आनंद होई. मी सुरतेला बदलून गेले, तेव्हा अडाजणमधल्या त्यांच्या घराचा वरचा मजला मला भाड्याने मिळाला होता. पहिल्याच भेटीत त्यांनी मला स्वयंपाकघरातला नळ कसा बंद करायचा ते दाखवले. अर्धा फेरा द्यायचा, जोर लावायचा नाही. मग त्यांनी हे वाक्य म्हटले. ते चहाविषयीच बोलत आहेत असे समजून मी मान डोलावली. प्रत्यक्षात ते मांत्रिकांविषयी बोलत होते, हे कळायला मला पुढचे कित्येक रविवार लागले.

रविवारी दुपारी जेवणे होऊन सगळी सोसायटी आडवी झाली की खालच्या मजल्यावरच्या टेबलाभोवती एक राज्य उभे राही. बघण्यासारखे तिथे फारसे काही नसे. थोडे कागद, मूठभर फासे आणि ते टाकण्यासाठी घारीच्या, म्हणजे सुरती मिठाईच्या, रिकाम्या खोक्याचे झाकण. टेबलाच्या काचेवर फासे आपटलेले घरमालकीणबाईंना, आमच्या काकूंना, खपत नसत. बाकी सारे बोलण्यातून घडे. खेळणाऱ्याने एक पात्र घ्यायचे, कोणी तिरंदाज व्हायचे, कोणी मांत्रिक. घरमालक, म्हणजे सगळ्यांचे काका, सूत्रधार. "समोर नदी आहे, पूल तुटलाय. काय करता?" असे ते विचारत. आपण काय करतो ते आपण सांगायचे, आणि जमले की फसले ते फासे सांगत.

हा खेळ त्यांचा पुतण्या परदेशी जाताना मागे ठेवून गेला होता. काकांनी त्याचे नियम एखाद्या निविदेसारखे, शंका काढत वाचले, आणि त्यांचा विरस झाला. मांत्रिकाला वीज पाडता येत होती, सैन्य गोठवता येत होते. परंतु सकाळी उठल्यावर त्या माणसाला काय येते, याविषयी पुस्तक गप्प होते. म्हणून त्यांनी त्यात स्वतःचे लहान मंत्र घालायला सुरुवात केली. त्यांना ते चिल्लर म्हणत. कोणत्या डब्याला कोणते झाकण ते ओळखणे. हाताचा लसणाचा वास घालवणे. रांगेत आपला क्रमांक केव्हा येईल ते कळणे. मोठा मंत्र वापरला की मांत्रिक थकतो, त्याला झोप घ्यावी लागते. चिल्लर मंत्राने कोणी थकत नाही. तो हवा तितक्या वेळा वापरावा.

काकांच्या मते सगळी मेख त्या शेवटच्या वाक्यात होती. शहराच्या पाणीपुरवठ्यात अभियंता म्हणून त्यांचे आयुष्य गेले होते. मोठी वाहिनी फुटली की सगळे धावतात, ते सांगत, आणि संध्याकाळपर्यंत ती दुरुस्त होते. पण एखादी झडप केसाएवढी गळत असेल, तर कोणाच्या लक्षात येत नाही, आणि ओळीतल्या शेवटच्या घराला बादलीभर पाणी मिळत नाही. "फुकटाला तळ नसतो, बेन," ते मला म्हणत. घरी उत्तम मराठी बोलणारा हा माणूस बायकांना मात्र बेनच म्हणे. दोन पिढ्या सुरतेत काढल्यावर तेवढे होणारच.

आणि म्हणून उलटतपासणी.

टेबलावर नवा माणूस आला की त्याने एक चिल्लर मंत्र आणायचा, ही तिथली रीत होती. मंत्र आणणाऱ्याने तो वाचून दाखवायचा आणि गप्प बसायचे. बाकीच्यांनी त्या मंत्राचा शक्य तितका दुरुपयोग करून दाखवायचा. भिंत पाडता आली, लढाई जिंकता आली, कोणाचा जीव घेता आला, की मंत्र बाद. मग आणणाऱ्याने घरी जायचे आणि दुसरा मंत्र सुचेपर्यंत यायचे नाही. दुरुपयोग झाला, तरी त्याला एखाद्या अटीने आवर घालता येत असेल, तर ती अट घालून मंत्र ठेवायचा. याखेरीज एक कडक नियम होता: जो मंत्र तुम्हाला, तो शत्रूलाही.

योगेशने पहिल्यांदा 'वाटीभर पाणी' आणला होता. योगेश कतारगामच्या एका हिऱ्यांच्या कारखान्यात संगणकावर कच्च्या हिऱ्याचे काप आखायचा. घर धुळ्याकडचे, घरी अहिराणी, मित्रांत गुजराती आणि काकांपुढे जपून जुळवलेली मराठी. तहानलेल्याला वाटीभर पाणी, याहून निरुपद्रवी काय असणार? काकांनी विचारले, "वाटी केवढी? आणि किती वेळा?" मग त्यांनी एका गुहेत झोपलेल्या सबंध तुकडीला, वाटी वाटी करून, बुडवले. योगेश पुढचे दोन महिने आला नाही. आला तो 'सुईत दोरा ओवणे' घेऊन.

वैशालीताई, मराठी शाळेतल्या शिक्षिका, 'ओल्या चपला वाळवणे' घेऊन आल्या होत्या. योगेशने त्या मंत्राने ओली लाकडे वाळवून शत्रूची वखार पेटवून दिली. "चपला म्हटलंय मी, लाकडं नाही," असे वैशालीताईंनी म्हटले, आणि बोलल्याबद्दल काकांनी त्यांना दटावले. शेवटी मंत्र टिकला, पण एका अटीवर: चपला पायात असल्या पाहिजेत. "मुलांची परीक्षा घेते मी," वैशालीताई मला नंतर म्हणाल्या, "पण नापास होताना कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं."

काकांची ही खोड टेबलापुरती राहिली नव्हती. सोसायटीने लिफ्टजवळ 'पाहुण्यांनी गाडी बाहेर लावावी' अशी पाटी लावली, तेव्हा त्यांनी सचिवांना गाठून विचारले होते, "पाहुणा कोणाला म्हणायचं? जावई पाहुणा का? घरजावई?" सचिवांनी पाटी उतरवली. डॉक्टरांनी गोड कमी करा म्हटले, तर "कशापेक्षा कमी?" काकूंची या सगळ्यावर एकच टीका होती. "जगाचे नळ तपासतात," त्या म्हणत, "न्हाणीघराचा दिवा मात्र मीच बंद करायचा."

त्यांच्याविषयी लोक असे हसून बोलत. मीही हसत असे. पण त्यांच्या बारीकसारीक प्रश्नांत कुत्सितपणा कधी नसे, हे माझ्या हळूहळू ध्यानात आले. समोरच्या माणसाने जे सांगितले आहे ते त्याने विचार करून सांगितले आहे असे ते धरून चालत. आणि बहुतेक वेळा तसे नसल्यामुळे तो माणूस अडचणीत येई.

मी त्या टेबलापर्यंत पोचले ते नळामुळे. अर्धा फेरा देऊनही तो थेंब थेंब गळू लागला, आणि सांगण्यासाठी मी खाली गेले. आतून बोलण्याचा मोठा आवाज येत होता. कोणाच्या रंगलेल्या बोलण्यात घंटा वाजवणे मला जमत नाही. लहानपणापासून जमलेले नाही. मी हात वर नेला, खाली घेतला, पुन्हा वर नेला. शेवटी काकू कोथिंबीर आणायला म्हणून बाहेर निघाल्या आणि दारात माझ्यावर आदळता आदळता राहिल्या.

"कधीपासून उभ्या आहात?"

"आत्ताच आले," मी म्हणाले.

आतून काकांचा आवाज आला. "बेन, तुम्ही निवाडा द्या. मांजराला झोप लागण्याचा मंत्र वाघाला लागू पडेल का?"

मी संस्कृत घेऊन एम. ए. झालेली, सरकारी कार्यालयात भाषांतरकार, वयाची पंचेचाळिशी ओलांडलेली बाई. मी दारातूनच, जेमतेम ऐकू जाईल असे म्हणाले, की मंत्र करणारा वाघाला मांजर समजत असेल, तर मंत्र लागू पडायच्या आधी वाघच त्याला लागू पडेल. टेबलावर हशा पिकला. काका हसले नाहीत. त्यांनी एक खुर्ची ओढली.

त्यानंतर कित्येक रविवार मी नुसती बघत बसे. कार्यालयात, नातेवाइकांत, लग्नकार्यांत लोक माझ्याशी नेहमीच सौजन्याने वागत आले आहेत, आणि सौजन्यानेच मला वगळत आले आहेत. "यांना बोलायला नाही आवडत," असे म्हणून कोणीतरी माझ्या वतीने उत्तर देऊन टाकते. त्या टेबलावर मला पहिल्यांदा वाटले, की इथे आपल्याला बसायचे आहे. बघायला नाही, खेळायला.

मी मंत्र तयार केला. तो काय असावा याचा फार विचार करावा लागला नाही. मी त्याला एक संस्कृत नाव दिले होते, काका म्हणाले, "मांत्रिक काय संस्कृतात जांभई देतो का?" तेव्हा ते काढून मी साधे वाचले. 'दारावर टकटक. मांत्रिकाने दाराला हात न लावता, बंद दारावर हलक्या बोटांनी दोनदा वाजवल्यासारखा आवाज करणे.'

वाचून मी खाली बघत बसले.

"मस्त छे, बेन," योगेश म्हणाला. "याने कोणाचं काय बिघडणार?"

"गोड आहे," वैशालीताई म्हणाल्या. "असू दे."

उलटतपासणी संपली. चहा आला. मी इतकी सुखावले की काका एक शब्दही बोलले नाहीत हे माझ्या लक्षातच आले नाही. निघताना ते जिन्यापाशी आले.

"तुमचा मंत्र तपासला गेला नाही," ते म्हणाले. "सोडला गेला. दोघांनी तुमच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि सोडला."

मी म्हणाले, त्यांना खरोखरच आवडला असेल.

"योगेशला मी दोन महिने घरी बसवलं. वैशालीबेनचं मी ऐकून घेतलं नाही. तुम्ही काय त्यांच्यापेक्षा कमी आहात?" आणि मग, अगदी शांतपणे, "पुढच्या रविवारी शत्रूकडे तुमचा मंत्र असेल. टिकला तर टिकला."

मला राग आला, आणि रागापेक्षा भीती अधिक वाटली. मंत्र बाद झाला तर योगेशसारखे पुन्हा येणे मला जमणार नव्हते. माझा स्वभाव मला ठाऊक होता. एकदा उठवले गेले, तर मी त्या जिन्यावरून त्या टेबलाकडे कधीही परतले नसते. जाता-येता काकूंना हसून नमस्कार केला असता, आणि तेवढेच.

त्या रविवारी पोंक, म्हणजे ज्वारीचा हुरडा, आणि शेव होती, त्यामुळे दिवस थंडीचे असावेत. कोणी फारसे खात नव्हते. केवडापूर नावाच्या नगराला वेढा पडला होता. योगेशचा तिरंदाज आणि वैशालीताईंची हेर, दोघे शत्रूचा तळ कुठे आहे ते पाहायला नगराबाहेर गेले होते. माझी मांत्रिक आत, मुख्य दरवाजातल्या छोट्या दिंडीपाशी, पहारेकऱ्यांच्या सोबत होती. दोघे परतले की दिंडी उघडून त्यांना आत घ्यायचे, एवढेच माझे काम.

"दिंडीवर टकटक होते," काका म्हणाले. "किल्लेदार उघडतो. बाहेर कोणी नाही."

मी शेवेची वाटी बाजूला सारली.

"पुन्हा टकटक. उघडतो. कोणी नाही. पुन्हा. तिसऱ्या वेळी बाहेरून बाण येतो, एक पहारेकरी पडतो. किल्लेदार अडसर घालतो. टकटक चालूच. सकाळभर, दुपारभर. आता कोणी मानही वळवत नाही." त्यांनी योगेशकडे पाहिले. "तुम्ही दोघं धावत दिंडीपाशी येता. मागे घोडेस्वार आहेत. बाहेर नगारे वाजतायत, ओरडलेलं आत ऐकू जात नाही. काय करता?"

"दार वाजवतो," योगेश म्हणाला. मग त्याच्या लक्षात आले. "मरनूत आते," मेलो आता, असे तो पुटपुटला. घरची भाषा त्याच्या तोंडून टेबलावर मी पहिल्यांदा ऐकली.

"आत टकटक ऐकू येते," काका म्हणाले. "कोणी उठत नाही. एका चिल्लर मंत्राने नगर बहिरं केलं. दोन माणसं दारात मरतील, खबर आत पोचणार नाही, उद्या नगर पडेल. माझ्या मते मंत्र बाद."

वैशालीताई घाईने म्हणाल्या, "काका, त्यांचा पहिलाच मंत्र आहे. जाऊ द्या ना."

"नको," मी म्हणाले.

ते त्यांना उद्देशून होते, पण सगळेच माझ्याकडे बघू लागले. मंत्र आणणाऱ्याने बोलायचे नसते, हे मला आठवत होते. मी काकांना म्हणाले, "हा आता खेळ चालू आहे, तपासणी नाही. खेळात मी माझ्या मांत्रिकाच्या वतीने बोलू शकते."

"बराबर. बोला."

"मी किल्लेदाराला दार उघडायला सांगते."

"तो विचारतो, हीच टकटक खरी कशावरून? चुकलं तर शत्रू आत येईल."

"मी त्याला ऐकायला सांगते. मंत्राची टकटक हलक्या बोटांची आहे, आणि दोनदाच. मी तसंच वाचलं होतं. सकाळपासून तोच आवाज येतोय. आता दारावर कोण आहे? मागे घोडे लागलेली माणसं. ती बोटांनी वाजवतील का?"

"मुठींनी," योगेश म्हणाला. "लाथांनी."

"शत्रू मंत्र दहादा लागोपाठ करेल," काका म्हणाले.

"दहादा केला तरी दहाही वेळा तेवढाच आवाज. मंत्राला घाई होत नाही. माणसाचा धीर सुटतो. त्याची तिसरी थाप पहिलीपेक्षा जोरात पडते."

"मग शत्रू एक शिपाई पाठवेल. खराखुरा. तो मुठींनी ठोकेल."

"पाठवू दे." माझा आवाज चढला होता, स्वयंपाकघरातून काकू बाहेर येऊन उभ्या राहिलेल्या मला दिसल्या. "खरा शिपाई दारात उभा राहिला, तर तो तटावरून दिसेल आणि तटावरून मरेल. तो शिपाई आहे, माझा मंत्र नाही. शिपायाने केलेलं माझ्या मंत्राच्या माथी मारू नका. आणि नगर बहिरं झालं म्हणालात, ते मंत्राने झालं नाही. बाहेर कोण आहे ते तटावरून न बघता पहिल्या टकटकीला दार उघडायची रीत या किल्लेदाराने ठेवली होती. असा किल्लेदार असेल, तर एखादा पोरगा खडे मारूनही हे नगर घेईल. तुम्ही खडे बाद करणार आहात का?"

मी एका दमात इतके बोलले होते की पुढे श्वास उरला नव्हता. काका खुर्चीत मागे रेलले. त्यांनी फासे हातात घेतले, झाकणात टाकलेच नाहीत, आणि पुन्हा खाली ठेवले.

"दिंडी उघडली," ते म्हणाले. "दोघं आत. अडसर परत पडला."

योगेशने टेबलावर थाप मारली आणि काकूंकडे बघून हात लगेच मागे घेतला.

"नगर वाचलं," काका म्हणाले. "मंत्राचं अजून ठरलं नाही. अट काय लिहायची?"

"टकटक कधी वाढत नाही," मी सांगितले. त्यांनी तसे लिहून घेतले आणि मग त्या दोघांकडे वळले. "गेल्या रविवारी तुम्ही केलीत ती तपासणी नव्हती. आता करा. बेनना बोलायची मुभा आहे आज, कारण गप्प बसवून काही उपयोग होईल असं दिसत नाही."

वैशालीताईंनी पदर खोचला. खरेच खोचला. "दार नसेल तर?" त्या म्हणाल्या. "तंबू असेल तर?"

"तंबूवर टकटक होत नाही."

"तंबूच्या खांबावर होते. आत राजा झोपलाय, खांब लाकडाचा."

"खांब म्हणजे दार नव्हे. मी दार म्हटलंय."

"पेटीचं झाकण?" योगेश पुढे सरसावला. "पेटीला पण बिजागरं असतात, बेन. पेटीत चोर लपलाय. मी टकटक करतो, त्याला वाटतं साथीदार आला, तो बाहेर येतो, मी मारला. गेला जीव. मंत्र बाद."

मला उत्तर सापडेना, आणि माझी अडचण दिसत असूनही त्याने मला सोडले नाही. "बोला बोला," तो म्हणाला, "चोर मेला ने?" काका मधे पडले नाहीत. शेवटी मला ती पेटी सोडावी लागली. दार म्हणजे ज्यातून माणूस चालत जाऊ शकतो ते, असे आम्ही लिहिले. मग वैशालीताईंनी बैलगाडीचे फळकूट काढले. मग योगेशने एकाच वेळी सगळ्या गावाच्या दारांवर टकटक करून गाव रस्त्यावर आणले, आणि त्यापायी मला 'मांत्रिकाला दिसते आहे ते एकच दार' एवढ्यावर यावे लागले. चहा झाला, पोंक संपला. दोघांनी मिळून माझ्या मंत्राच्या इतक्या बाजू छाटल्या, की शेवटी त्यात एक दार, एक मांत्रिक आणि दोन हलके टकोरे एवढेच शिल्लक राहिले. तेवढे मात्र त्यांना काही केल्या फोडता येईना. योगेश हरल्यासारखा मागे टेकला आणि समाधानाने शेवेचा चुरा गोळा करू लागला.

काकांनी सगळे एकदा मोठ्याने वाचले. "आता लहान झाला," ते म्हणाले. "ठेवा."

वैशालीताई उठताना म्हणाल्या, की त्यांच्याकडेही एक नवीन आहे, पुढच्या रविवारी त्या तो आणतील.

"आणा," काका म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, फासे डबीत भरत, "पहिला प्रश्न बेन विचारतील."

वैशालीताईंनी माझ्याकडे जराशा धास्तीने पाहिले. तशा नजरेने माझ्याकडे आजवर कोणी पाहिले नव्हते. मी त्यांना हसून निरोप दिला आणि वर गेले. जिना चढताना, त्यांचा मंत्र काय असेल याचा मी अंदाज बांधत होते, आणि तो कुठून फोडता येईल याचाही.